धुऊन-पुसून दिलेली थुंकी

प्रति,
मा. अधीक्षक,
सातेरी स्मारक इस्पितळ, म्हापसा.

विषय : यजमानांच्या बेडक्याचा अहवाल रद्द करून फुप्फुसाची खरी तपासणी करण्याबाबत.
संदर्भ : आपल्या प्रयोगशाळेचा गेल्या महिन्यातील शेरा, 'कर्करोगाच्या पेशी नाहीत'.

महोदय,

मी खाली सही करणार, बी.एस्सी., राहणार सर्वण, डिचोली. माझे यजमान श्री. गोकुळदास गावस खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत. उन्हाळ्यापासून त्यांचा खोकला हटत नाही, अंग उतरले आहे आणि एक्स-रेत उजव्या फुप्फुसात सुपारीएवढी सावली आहे. आपल्याच डॉक्टरांनी कर्करोगाचा संशय घेऊन बेडका तपासायला सांगितले. तो कसा द्यायचा, हे मात्र कोणी सांगितले नाही.

म्हणून झाले ते असे. त्या दिवशी पहाटे माझ्या सासूबाईंनी यजमानांना अडुळशाचा काढा पाजला, परसात उभे करून छाती मोकळी होईस्तोवर खोकायला लावले, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करवल्या. "डॉक्टराच्या दारात घाण घेऊन जाऊ नये, बाबा." देवळात जाताना माणूस न्हाऊन जातो, तसे आम्ही त्यांना धुऊन-पुसून इस्पितळात पाठवले. तपासायचे ते सगळे माडाच्या मुळाशी गेले. खिडकीपाशी आपल्या शिपायाने घाई करत डबी पुढे केली, "बेगीन थुंक रे, फाटल्यान रांग आसा!" चारचौघांत खाकरायला लाजणारे आमचे माणूस, त्यांनी जीभ फिरवून तोंडातले पाणी दिले. मी शेजारीच होते. निव्वळ लाळ होती ती.

तिच्यावर आपला शेरा आला. सासूबाईंनी देवाला नारळ ठेवला. कॉलेजात मी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहिल्या आहेत, महोदय. नमुन्यात फुप्फुसातली एकही पेशी नसेल तर 'नमुना निरुपयोगी' असे लिहायचे असते, 'नाहीत' असे नव्हे. आणि चांगल्या बेडक्यातही हा रोग पुष्कळदा सापडत नाही, हे मी आपणांस कळवावे ही वेळ यायला नको होती.

यजमान तो कागद खिशात घालून पुन्हा ट्रकवर जातात. कोणी खोकल्याचे विचारले की काढून दाखवतात. आमची मुलगी अजून नीट बोलत नाही, पण बापासारखे खोकून दाखवते. घर हसते. मला हसू येत नाही.

हे सांगायला आले, तर आपले कारकून म्हणाले, "बाये, घोव बरो आसा म्हणून लिहून दिलां, तरी तू रडटा? आनी किदें जाय तुका?" नळी घालून फुप्फुस आतून पाहण्याची तपासणी मागितली, तर ती कर्करोग ठरलेल्यांनाच मिळते, तसा दाखला जोडा. दाखला मागितला, तर तो कसा देणार, पेशी कुठे आहेत? म्हणजे रोग आहे का हे पाहायला आधी रोग असल्याचा कागद हवा. पलीकडच्या टेबलावरून सूचना आली की सावली शर्टाच्या बटणाची असेल. एक्स-रे काढताना यजमान उघडे होते.

सबब विनंती की तो शेरा लेखी रद्द व्हावा, सोबतचा बेडका आजच प्रयोगशाळेत जावा, आणि त्यात काही सापडो न सापडो, नळीच्या तपासणीसाठी यजमानांचे नाव लागावे.

बेडका मी सोबत आणला आहे. आज उठल्याबरोबर काढा नाही, गुळणी नाही. लाज सोडा म्हटले आणि परसात त्यांची पाठ धरून उभी राहिले. तळातून आला आहे. त्यात रक्ताची तार आहे, ती त्यांना दाखवलेली नाही. आपल्या कारकुनांना किळस येईल. मलाही आली होती, पण आपल्या कचेरीत आली तेवढी नाही.

डबी कोणी हातात घेईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून आहे.

उत्तर मिळेपर्यंत आपली नम्र,
विनोदिनी गोकुळदास गावस
म्हापसा, १४ नोव्हेंबर १९८८

सोबत :
१. एक्स-रे (उघड्या अंगाने काढलेला).
२. रद्द करावयाचा अहवाल, यजमानांच्या खिशातून न विचारता काढलेला.
३. डबी. आडवी धरू नये.