भाषणात वापरलेला गुडघा

अप्पा, गुडघ्याचा लिगामेंट तुटलेल्या तुमच्या-माझ्यासारख्या माणसांची एक तक्रार आहे आणि ती मी आज मांडणार आहे. पैसेवाला पडला तर लोक विचारतात, कसे पडलात? आपल्यातला पडला तर विचारतात, कशाला गेला होतास? कामावर पडला असेल तर ठीक, हळहळ तरी मिळते. खेळताना पडला तर गाढव. कष्टकऱ्याचं शरीर फक्त झिजायला असतं, हौसेला नसतं, हे कुणी ठरवलं? हे वाक्य टाळ्यांचं आहे, कळतंय मला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी तुमच्याशी बोलताना माझा आवाज सभेचा होतो.

मी कोपरच्या घरात ओट्यापाशी उभा राहून लिहितोय. बसलं की पाच मिनिटांत गुडघा धरतो, उभं राहिलं की चालावंसं वाटतं. म्हणून दोन ओळी लिहायच्या, टाचा वर-खाली करायच्या, पॅसेजमधून फेरी मारायची, पुन्हा दोन ओळी. ऑपरेशनला पाच महिने झाले. मांडीच्या मागून एक दोरी काढून गुडघ्यात ओवली आहे. नऊ महिन्यांआधी पळणं नाही, उडी नाही, बर्फाचं तर नावच काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. हो, बर्फाचं. मी स्कीइंग करतो, अप्पा. पायांना दोन लांब पट्ट्या लावून बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचं. वाचनालयातल्या रशियन कादंबऱ्यांच्या अनुवादांत मी शाळेपासून बर्फ वाचत होतो, चाळिशी उलटल्यावर तो पहिल्यांदा हातात घेतला. तेव्हापासून दर हिवाळ्यात दोन आठवडे हिमाचलात जातो आणि संघटनेत सांगतो, विपश्यनेला चाललोय. पहिल्या वर्षी सगळे खो खो हसले होते. "सर, तुम्ही? इतके दिवस गप्प?" कंत्राटी कामगारांसाठी घसा फोडणारा माणूस श्रीमंतांचा खेळ खेळतो, हे सांगायची मला लाज वाटली.

यंदा पडलो तोही काही शौर्याने नाही. दिवसाची शेवटची फेरी, उतार जवळजवळ संपलेला, वेग सायकलीएवढा. तोल मागे गेला, डावी पट्टी बर्फात रुतली, पडताना ती बुटातून सुटायला हवी ती सुटली नाही. पाय तिथेच राहिला आणि मी वळलो. आत टक्कन आवाज झाला. दुखायच्या आधी मला तुम्ही दिसलात, जिना उतरताना भिंतीला तळवा टेकवणारे. "पाय सटकतो रे," म्हणायचात, आणि मला ते म्हातारपण वाटायचं. तुम्ही तेव्हा पंचेचाळिशीचेही नव्हता.

ती विठ्ठलवाडीची सभा तुम्हाला आठवत असेल. मी तेवीस वर्षांचा, माझं पहिलं मोठं भाषण. समोर तुमच्याच कारखान्यातले लोक. मी हात वर करून म्हणतो, "माझ्या बापाचा गुडघा या कंपनीच्या मशीनने खाल्ला!" अशा टाळ्या पडल्या की माझ्याच अंगावर काटा. तुम्ही मागच्या रांगेत, डब्याची पिशवी पोटाशी धरून. आपण घरी आलो. आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही पाटावर एक पाय लांब करून बसलात आणि म्हणालात, "भाषण झकास झालं. फक्त गुडघा माझा होता."

"म्हणजे?"

"मशीन कुठलं रे? लंच टायमातली कबड्डी. चार जणांनी धरलेलं मला. चौघांना ओढत आणलं आणि रेषेला हात लावला."

"चार पॉइंट घेतलेन् आणि महिनाभर उचलून मी बसवत होते," आई तव्याकडे बघत म्हणाली. "ट्रॉफी बघितलीस कुठे घरात?"

तुम्ही हसलात. त्या हसण्यात एक पोरगा होता, तो मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "पण अप्पा, खेळताना पडलेल्या माणसासाठी कोण टाळ्या वाजवतो?" तुमचा चेहरा मिटला. "नको वाजवू देत. आयुष्यात तेवढी एक हौस केली मी. ती माझ्याकडे राहू दे. तुझ्या भाषणात तिची मजुरी करू नकोस." आयुष्यात तुम्ही मला मोजकं रागावलात, त्यातलं हे सगळ्यात हळू आवाजातलं. मी मान हलवली, जेवलो, आणि पुढच्या महिन्यात उल्हासनगरच्या सभेत तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग वर्षानुवर्षं म्हणत राहिलो. तुमच्या शोकसभेतही म्हटलं. तुमच्याबरोबर कबड्डी खेळलेले दोन म्हातारे समोर बसले होते. त्यांनी माना खाली घातल्या आणि मी समजलो, गहिवरले.

आता माझं ऐका. कुबड्या घेऊन पहिल्यांदा खाली उतरलो तर गेटवर शेजारच्यांनी विचारलं, "काय हो, खड्डा का?" मी म्हटलं, "हं." एवढंच. एक अक्षर. आठवड्याभरात सगळ्यांना माहीत, सर रस्त्यावरच्या खड्ड्यात पडले. आमच्या संघटनेचा सेक्रेटरी, तिशीतला तडफदार मुलगा, धावत आला. "सर, तुमचा गुडघा म्हणजे आपल्या आंदोलनाचा चेहरा आहे!" "गुडघा चेहरा कसा असेल रे?" मी हसून विषय उडवला, पण खोडला नाही. रविवारी कल्याणला खड्ड्यांविरुद्ध सभा आहे. बॅनर लागलेत. त्यावर कुबड्या घेतलेला मी, पुरुषभर उंच. खाली कोपऱ्यात पासपोर्टएवढ्या फोटोत एक ताई. डबे पोहोचवते. पावसात स्कूटीसकट खड्ड्यात गेली, तिचा लिगामेंट खरोखर रस्त्याने तोडलाय आणि तिला ऑपरेशनची तारीख अजून मिळालेली नाही. बैठकीत ती माझ्या शेजारी बसली होती. "माझ्या खड्ड्यात पाणी भरलेलं, दिसलाच नाय बघा," ती म्हणाली. "तुमच्या?" मी फेब्रुवारीत पडलो, अप्पा. फेब्रुवारीत कुठलं पाणी? मी म्हटलं, "खोल होता." तिने माझ्या गुडघ्याच्या पट्ट्यावर हात ठेवला आणि विचारलं, "पण आता उतरताना भ्या वाटत नाय ना?" त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. उद्या कुणी हिमाचलचा माझा एक फोटो जरी बाहेर काढला तरी लोक मला खोटा म्हणतील, ते सोसेन. पण पाठोपाठ तिलाही म्हणतील.

डॉक्टर सोडले तर खरं माहीत असलेली एकच व्यक्ती आहे, घोडबंदर रोडवरची माझी फिजिओथेरपिस्ट, माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्या दिवशी तिने गुडघ्याखालची उशी ओढून काढली. "सर, ही तुमची दुश्मन. आराम वाटतो, पण पाय कायमचा वाकडा राहील." मग दाबता दाबता म्हणाली, "पडलात कसे?" का कोण जाणे, तिला खरं सांगितलं. ती दाबायची थांबली. "स्कीइंग? खरंच? ओ सर, व्हिडिओ आहे?" आणि मी, व्यासपीठं गाजवणारा माणूस, घामाघूम होऊन टेबलावर पडल्या पडल्या तिला मोबाइलवर दाखवत होतो, हे बघ, इथे वळलो, हे बघ, इथे किती सरळ आलो. ती म्हणाली, "भारी! नऊ महिने नीट व्यायाम करा, परत पाठवते तुम्हाला." घरी येताना रिक्षात मला रडू आलं. तुम्ही त्या दिवशी पाटावर बसून माझ्याकडून एवढंच मागत होतात. एकदा तरी विचारायचं होतं, चौघांना ओढलंत कसं, अप्पा? आधी कुणाला झटकलंत? मी विचारलं नाही. आता तुमच्याबरोबर खेळलेलंही कुणी उरलं नाही.

रविवारी काय बोलायचं ते ठरलंय. मी बर्फात पडलो, माझा बाप कबड्डीत पडला, आणि रस्त्यावर पडली ती ही बाई, तिचं ऐका. एवढं बोलून माइक तिच्या हातात द्यायचा. पण तिला आणि त्या मुलाला आधी सांगायला हवं, बॅनर आधी उतरायला हवेत. सेक्रेटरीचा नंबर मोबाइलवर काढून ठेवलाय, दोन तास होत आले. हे पत्र मी तुमच्या आठवणीने लिहायला घेतलं असं वर कुठे वाटलं असेल, तर ते तितकंसं खरं नाही. तो फोन करावा लागू नये म्हणून लिहितोय. तुमच्यापुढे कबूल करणं सोपं आहे, तुम्ही उलट काही विचारणार नाही. तो विचारेल. अप्पा, एकदाच, त्या दिवशीच्या त्याच हळू आवाजात मला म्हणा: लाव फोन.