एकोणतीसचा पाढा आणि दारणेचे मासे

५ ऑक्टोबर २०२५, रविवार
खोलीतली मैत्रीण मृण्मयी काल पुण्याला गेली. नवी नोकरी. तिची कॉट रिकामी. खोली एकदम प्रशस्त वाटते आहे. एकटेपणा वगैरे काही नाही. उलट चिंतनाला जागा झाली.

सकाळभर चिंतन केलं. निष्कर्ष: मी खूप दिवसांत मासे पकडलेले नाहीत.

आजपासून रोजनिशी. नियम एकच, खरं तेच लिहायचं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. त्यातही झूलॉजीची. निरीक्षण हा माझा पाया आहे.

संध्याकाळी आबांना, म्हणजे वडिलांना, फोन. आबांचे फोनवर तीन प्रश्न ठरलेले: जेवली का, बस मिळाली का, ठेवू का. आज तिसऱ्याच्या आधी घुसून सांगितलं की पुढच्या रविवारी मी येते, आपण पूर्वीसारखं दारणेवर जाऊ. पलीकडे पंखा बंद केल्याचा, परत लावल्याचा आवाज. मग म्हणाले, सोंगणी चाललीय बाई, भात आडवं पडलंय. आणि फोन आईकडे.

आनंदाने शब्द सुचले नसावेत.

७ ऑक्टोबर, मंगळवार, कंपनीच्या बसमध्ये
नाशकात सातपूरच्या सिग्नलला बस अडकली आहे, म्हणून पद्धत लिहून काढते. ही पद्धत कुठल्याही पुस्तकात नाही.

मी सात-आठ वर्षांची असल्यापासून दहावीपर्यंत दर रविवारी आम्ही दारणेवर जायचो. आमच्या गावापासून नदी चालत जाण्याइतकी. बांबूची काठी, दोरा, गळ, गांडूळ. तास-दीड तास शांत बसायचं. मग आबा म्हणायचे, काठी माझ्याकडे दे, तोंड रानाकडे कर, डोळे मीट आणि पाढा म्हण. बहुतेक एकोणतीसचा. पाढा बिनचूक झाला की काठी परत माझ्या हातात. ओढ, म्हणायचे. ओढली की मासा!

चुकला तर पहिल्यापासून. कधीकधी मी बरोबर म्हणूनही आबा चूक म्हणायचे. तीन-तीन वेळा म्हणायला लावायचे. शिस्त. स्वतः चौथीत शाळा सोडलेला माणूस, पण पाढ्यात तडजोड नाही.

मंगळूकाका भोई त्याच सुमाराला जाळं काढून टोपली घेऊन काठाने जायचे. आबांकडे तंबाखू मागायला थांबायचे. मला म्हणायचे, मास्तरीण, आज काय लागलं? त्यांच्या टोपलीत जे मासे असायचे तेच नेमके मला लागायचे. एकाच नदीतले असल्यामुळे हे साहजिक आहे.

आणखी एक. माझे मासे कधी तडफडले नाहीत. आबा म्हणायचे, पाढे ऐकून गुंगतात. एकदा तर पोट साफ केलेला मासा आला. आबा म्हणाले, खेकड्यांचं काम. हे मी बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत सांगितलं तेव्हा बाहेरून आलेले सर चष्मा काढून हसले होते. पुस्तकी माणसं.

१२ ऑक्टोबर, रविवार
गावी जायचं रद्द. आबांचा गुडघा. पण रविवार वाया घालवणार नाही. सोमेश्वरच्या वरच्या अंगाला, गंगेवरच (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) सराव केला.

काठी खोचली. तोंड उसाच्या रसाच्या गाडीकडे (रान नव्हतं). डोळे मिटून पाढा म्हटला. मोठ्याने, कारण पूर्वी मोठ्यानेच म्हणायचे. ओढली. काही नाही. पुन्हा. काही नाही. तिसऱ्या वेळी गांडूळही नाही.

जवळच भागीबाई नावाच्या बाई गोधड्या धूत होत्या. म्हणाल्या, ताई, कोणती परीक्षा हाय गं? मी पद्धत समजावली. त्यांनी गोधडी खाली ठेवली, नीट ऐकून घेतलं, आणि विचारलं की डोळे मिटल्यावर काठी कोण धरतं. म्हटलं, आबा. त्या हूं म्हणाल्या आणि परत धुवायला लागल्या. नंतर त्यांच्या पाठी हलत होत्या. म्हणजे एकच पाठ, पण फार हलत होती. खोकला असेल.

अपयशाची कारणं: धरणातून पाणी सोडलेलं, रसाच्या गाडीचं घुंगरू, प्रदूषण.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
प्रसंग. सरावाची उरलेली गांडुळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून घरमालकीणबाईंच्या फ्रिजमध्ये ठेवली होती. थंडाव्यात ती टिकतात, हे शास्त्र आहे. वत्सलाकाकूंनी पाहुण्यांसमोर डबा उघडला.

काकू शुद्ध शाकाहारी. म्हणाल्या, मुलगी शिकलेली म्हणून खोली दिली, शिक्षणाचा हा उपयोग? मी म्हटलं की गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे. त्या म्हणाल्या, मग शेतकऱ्याच्या फ्रिजमध्ये ठेव. त्यांनी आईला फोनही केला.

गांडुळं अंगणातल्या तुळशीपाशी सोडली. एकेक आत जाईपर्यंत बसून होते. दिवसभरात कुणाबरोबर एवढा वेळ बसण्याची ही पहिलीच वेळ.

हे वाक्य जरा भलतंच झालं. पेनने लिहिल्यामुळे राहू देते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, गावी
दिवाळीला घरी. चार दिवस हातात. आबांना रोज विचारलं. पहिल्या दिवशी: सणाचं कुणी जीव मारतं का. दुसऱ्या दिवशी: पाणी लय हाय. तिसऱ्या दिवशी: पाणीच नाय. एकाच नदीत दोन दिवसांत एवढा फरक! हवामानबदल किती जवळ येऊन ठेपला आहे.

मंगळूकाकांच्या घराला कुलूप. मुलगा रेल्वेत लागला, तो त्यांना मनमाडला घेऊन गेला. दोन वर्षं झाली. मला कुणी सांगितलंच नाही.

चुलीपाशी आई भाकरी थापत आबांना म्हणत होती, मंगळू गेला, आता पोरीला मासे कुठून... मी आत आले आणि तिने वाक्य भाकरीसकट उलटलं. म्हणाली, मासे खायचे तर सांग, बाजारातून आणू, नदीवर कशाला मरायचं.

मी अर्थ लावला. आबांना मित्राशिवाय नदीवर करमत नाही. दुःखी आहेत. माझा निश्चय दुप्पट झाला. आबांना नदीवर परत नेणं हेच या वर्षाचं काम.

निघताना आबा स्टँडवर सोडायला आले. बस लागेपर्यंत दोघं शेजारी उभे. त्यांनी विचारलं, बस मिळाली का? बस समोरच होती. म्हटलं, मिळाली.

४ नोव्हेंबर, मंगळवार
योजना. कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘नदी-रविवार’ जाहीर केला. नदीवर बसणं, मासेमारीचं प्रात्यक्षिक, माझं छोटं भाषण. आबांना फोटो पाठवायचे. पन्नास माणसं नदीवर बघून त्यांनाही यावंसं वाटेल.

अकरा जणांनी अंगठा दिला. आमच्या क्वालिटी सेक्शनचा गौरांग म्हणाला, मॅडम, छान इनिशिएटिव्ह. ऑनलाइन मागवलेली कार्बन फायबरची काठी आज आली. रीलसकट. आबांसाठी.

९ नोव्हेंबर, रविवार
नदी-रविवार पार पडला. उपस्थिती मर्यादित होती.

नऊची वेळ दिली होती. साडेदहापर्यंत वाट बघून भाषण सुरू केलं. श्रोते: एक कुत्रा, एक बगळा. बगळा मधेच मासा पकडून गेला. डोळे उघडे ठेवून. ही पद्धतही असावी.

गौरांगने दुपारी मेसेज केला की बायकोच्या माहेरचे आले होते, कसा झाला प्रोग्रॅम? लिहिलं, उत्तम. भागीबाई आज नव्हत्या. गुळाच्या दशम्या अकराजणांच्या केल्या होत्या. त्या आठवडाभर पुरतील, म्हणजे स्वयंपाकाचा वेळ वाचला. हा फायदाच.

१६ नोव्हेंबर, रविवार
एकटीनेच गेले. एकटी म्हणजे एकाग्र. नवीन काठीचा गळ फेकताना तो मागे माझ्याच ओढणीत अडकला. ओढलं तर भारी वजन लागलं. क्षणभर वाटलं, लागला.

भागीबाईंनी ओढणी सोडवून दिली. म्हणाल्या, घरी जा गं पोरी. कोणाच्या घरी, हे विचारायचं राहिलं.

संध्याकाळी आईला फोन. सहज. सर्दीने आवाज बसला होता, म्हणून नीट बोलता आलं नाही. आई म्हणाली, रडतेस का? म्हटलं, सर्दी. ती म्हणाली, तुझ्या बापालाही अशीच सर्दी झालीय, दिवाळीपासून.

आबांनी काढा घ्यायला हवा.

२३ नोव्हेंबर, रविवार
आबांचा फोन! स्वतःहून! आजवर असं कधी झालं नव्हतं. जेवली का विचारलं नाही. म्हणाले, पुढच्या रविवारी ये. पाणी बरं हाय. जाऊ दारणेवर.

आणि लगेच ठेवला.

ठरलं. माझ्या चिकाटीचं फळ. आता त्यांना कार्बन फायबरची काठी द्यायची, आणि पाढा मी, काठीही मी. डोळे उघडे ठेवून स्वतः मासा काढून दाखवायचा. बघा आबा, तुमची पोरगी शिकली. आठवडाभर गच्चीवर फेकण्याचा सराव करणार. वत्सलाकाकूंचे कपडे वाळत घातलेले नसतील ती वेळ निवडावी लागेल.

३० नोव्हेंबर, रविवार, नाशिक, परत आल्यावर
नियमाप्रमाणे लिहायला हवं.

आबा घोटीच्या स्टँडवर माझ्या आधीच येऊन उभे होते. धुतलेला सदरा. हातात नायलॉनची पिशवी, तोंड घट्ट बांधलेलं. खालून पाणी ठिबकत होतं. म्हटलं, काय आहे? म्हणाले, भाकरी. मी म्हटलं, भाकरी गळते? म्हणाले, कालवण सांडलं.

नदीवर पोचलो. तीच जागा, करंजाच्या झाडाखाली. नवीन काठी दिली. त्यांनी रीलवरून बोट फिरवलं, हे पिठाच्या गिरणीसारखं काय, म्हणाले, आणि ती झाडाला टेकवून ठेवली. घरून बांबूची जुनी काठी आणली होती त्यांनी. आम्ही बसलो. मला खूप दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

तासाभराने म्हणाले, काठी दे. रानाकडे बघ.

मी म्हणणार होते की आबा, आज डोळे उघडे. भाषण पाठ होतं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. पिशवीकडे बघत होते. मी डोळे मिटले.

एकोणतीस एके एकोणतीस. मागे पिशवीची गाठ सुटेना. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. नखांचा आवाज. पूर्वी हा आवाज नव्हता. पूर्वी मंगळूकाका असायचे.

चोक, पंचे, सक. मी वळले नाही, पण डोळा किलकिला करून खांद्यावरून पाहिलं. खरं तेच लिहायचं आहे. आबा दोन्ही गुडघे टेकून बसले होते, दुखरासुद्धा. मांडीवर मोठा मासा. गळ त्याच्या तोंडात घालत होते. गळ पुन्हा पुन्हा निसटत होता. माशाच्या कल्ल्याला बर्फाचा खडा चिकटला होता. तो त्यांनी सदऱ्याने पुसला.

पाढा संपत आला होता.

एकोणतीस साते दोनशे तेरा, मी म्हटलं.

चूक, आबा म्हणाले. केवढं हायसं वाटलं त्यांना, आवाजावरून कळलं. पहिल्यापासून.

पुन्हा चुकले. आठे. नव्वे. माझ्या आयुष्यात इतका वाईट पाढा मी कधी म्हटला नव्हता. पहिलीतलं पोर हसलं असतं. आबा दर वेळी चूक म्हणायचे, आणि दर वेळी आवाज जरा स्थिर होत जायचा. मग पाण्यात डुबुक झालं. तेव्हा मी बिनचूक म्हटला.

काठी हातात आली. ओढ, म्हणाले.

ओढली. म्हटलं, आबा, केवढा मोठा! ते म्हणाले, दारणेला कमी नाय अजून. आणि हसले. दिवाळीत नव्हते हसले.

मासा हातात घेतला. गार होता. दारणेचं पाणी या दिवसांत इतकं गार नसतं. हा रावस होता. रावस समुद्रात असतो, मुंबईहून बर्फात येतो. बाजारात आज नदीचा मासा मिळाला नसणार. ज्या माणसाने जन्मभर स्वतः एक मासा धरला नाही, त्याला त्यातला फरक कुठून कळणार.

घरी आईने कालवण केलं. ताट वाढताना तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ती म्हणाली, पोरीच्या हातचा मासा, चव येगळीच.

लहानपणी आबा मला काटे काढून द्यायचे. नदीच्या माशाला काटे फार. रावसाला नसतात म्हटलं तरी चालेल. आज त्यांनी सवयीने माझ्या ताटातला तुकडा जवळ ओढला आणि बोटांनी चाचपत बसले. बराच वेळ. काटा सापडेना. गोंधळले होते.

मी म्हटलं, नीट बघा आबा, असेल.

कार्बन फायबरची काठी तिथेच करंजाला टेकलेली राहिली. पुढच्या रविवारी आणता येईल.