दुसऱ्या खेळाडूची जागा

सोमवार
स्वेच्छानिवृत्तीनंतर नवी नोकरी लागली. बंद पडलेल्या गेम पार्लरच्या वरची खोली, एक टेबल, पंखा आणि खिडकीतून येणारं छान ऊन. लेक फोनवर हसत सुटली. म्हणाली, आई, या वयात गेम खेळायचा पगार मिळतोय, मजा आहे तुझी.

काम सोपं आहे. जुन्या यंत्रांतल्या हार्ड डिस्क काढायच्या, प्रत्येकीची जशीच्या तशी प्रत एका अवाढव्य फाइलीत उतरवायची आणि ती कॉम्प्युटरवर चालवून पाहायची. मालकांची ताकीद एकच: चालवण्याआधी मूळ फाइलीला कुलूप घालायचं, म्हणजे ती फक्त वाचली जाईल. खेळताना होणारी भर वेगळ्या छोट्या फाइलीत जाऊ द्यायची. डिस्कवर जागा मोजकीच, ते म्हणाले. नवं लिहिलं की जुनं पुसलं जातं.

दादा जाऊन कितीतरी वर्षं झाली. तो ही यंत्रं इथेच दुरुस्त करायचा. शाळा सुटली की मी गणवेशातच त्याच्याकडे धावायची. कॉन्व्हेंटच्या सिस्टरना कळतं, तर कान पिळला असता.

बुधवार
एकेक प्रत उतरायला दिवस जातो. पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकते, माझी कंबर धरते. आज दादाचं लाडकं यंत्र निघालं, मोटारींच्या शर्यतीचं. विजेत्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. कधीच पुसलं गेलं असणार. जीव तुटला. मी कुलूप काढलं, कशीबशी शर्यत जिंकले आणि माझ्याऐवजी त्याचं नाव लिहिलं. मूळ फाइलीतच राहावं म्हणून. एवढं तरी उरावं त्याचं कुठेतरी.

गुरुवार
दादाचे गुण वाढलेत. मालकांना विचारलं, तर म्हणाले, ताई, मी जिना चढलेलोच नाही, माझे गुडघे साक्षीला आहेत. फाइल मात्र तेवढीच आहे, कणभरही वाढलेली नाही. मग पुसलं काय?

घरी आधण ठेवलं आणि पुढे काय घालतात ते आठवेना. थकले असेन.

शनिवार
गुण पुन्हा वाढले. त्याच्याखाली एक रिकामी ओळ लुकलुकतेय. शाळेतली प्रार्थना पहिल्या ओळीनंतर आठवत नाही. भिंतीवरच्या फोटोतले गृहस्थ माझे यजमान, हे फोटोखाली वाचून कळलं. कुलूप घालून पाहिलं. लागत नाही. फाइल पुसली, तर हे विसरणं थांबेल बहुतेक. पण दादाला पुन्हा स्मशानात पोचवायचं, आणि तेही माझ्याच हाताने —

सोमवार
एका मुलीचा फोन. मला आई म्हणत होती. राँग नंबर, म्हटलं. रडायला लागली. गोड आवाज. कुणाची आहे, कोण जाणे —

मंगळवार
दादा मात्र लख्ख आठवतो. मी नेहमी दुसरी खेळाडू. थांब गं, म्हणायचा, तुझा नंबर येतोय.

रिकाम्या ओळीत माझ्या नावाची अक्षरं उमटताहेत. पडद्यावर गाडीचं दार उघडं आहे. तो म्हणतोय, बस.

जिन्यात कुणीतरी आई, आई करतंय. दादा म्हणतो, लक्ष नको देऊस. पण ती रडतेय, दादा, आणि हा आवाज मी कुठेतरी —