बशीखालचं नाव

आयडाताई,

काल चर्चच्या जेवणाला सगळ्यांत आधी कोण टपकलं असेल? विल्मा! नवी टोपी घालून, जणू सेनेटरसाहेब तिलाच बघायला येणार होते. तुझे गुडघे कसे आहेत गं?

साहेब दर भाषणात सांगतात ना, ‘विल्माचा सफरचंदाचा केक खाल्ला आणि निवडणुकीला उभा राहिलो’? केक माझा होता गं! बशी तेवढी तिची उसनी, म्हणून कोणाची ते कळावं म्हणून खाली चिकटवलेलं नाव तिचं.

काल मी स्वतःची बशी नेली. साहेबांनी दोन तुकडे खाल्ले, बशी उचलून खालचं नाव वाचलं.

“मेबल कोण? अगदी विल्माच्या हातची चव!”

विल्मा म्हणते कशी, “मीच शिकवलंय तिला.”

जळून कोळसा झाले मी! पण दोन तुकडे खाल्ले हो!

रविवारच्या सभेला परत येतो म्हणालेत. या खेपेला आधी नाव सांगणार, मग केक कापणार.

तुझी धाकटी,
मेबल