बहिरूमामाच्या शेकोट्या

पिंपळगाव बसवंत,
१४ डिसेंबर

आई, नमस्कार करते, पण रागातच.

मी बरी आहे, स्वेटरवर स्वेटर घालते. बिबट्याची काळजी नको, तो पलीकडच्या उसात दिसला होता, इकडे नाही.

आता तुझ्या भावाचं ऐक. मिथुन राशीतला हा उल्कावर्षाव वर्षातून एकदाच भरात येतो. तेवढ्यासाठी रजा काढून मामाच्या मळ्यात आले. बहिरूमामाला बजावलं होतं, मला फक्त काळोख हवा. त्याने घरातले सगळे दिवे बंद केले, मान्य. पण मी कॅमेरा लावला, उल्का दिसायला लागल्या आणि मामाने माझ्या चारी बाजूंनी शेकोट्या पेटवल्या! कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत ऊब राहावी म्हणून पेटवतात ना, तश्शाच. एकूण एक फोटोत नुसता धूर. मी ओरडले, तर म्हणतो कसा, "लय गारठा हाय, पोरी. तुला काय झालं तर तुझ्या आईला काय सांगू?"

मी काय द्राक्षाचा घड आहे?

मी फणकाऱ्याने कॅमेरा आवरला आणि आत जाऊन झोपले.

बाबांचा गुडघा कसा आहे? तू गोळ्या वेळेवर घेतेस ना?

सकाळी मामी म्हणाली, बागेसाठी रचून ठेवलेलं सगळं सरपण माझ्याभोवतीच जळून गेलं. पहाटे वेलींवर दव गोठलं, आता घड खराब होतील अशी तिला धास्ती आहे. मामा मात्र मलाच विचारतोय, "तारे गावले का?"

आता तूच सांग, मी भांडू कोणाशी?

तुझी,
निकिता