न मिटणारा रिफ्लेक्टर

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. (खरं तर सध्या वाकता येत नाहीये, पण पत्रात तेवढं खपून जातं. कंबरेची हकिकत खाली येईलच.) भावजींचा खोकला बसला का, की अजून डॉक्टरांनाच औषधं सुचवताहेत? आई तुझ्याकडे रमली असेल. इकडे सगळे खुशाल आहेत, एक मी सोडून.

मुलं मार्गी लागल्यापासून मी कॅमेरा गळ्यात अडकवून फिरते, हे तू जाणतेसच. वर्षभर फुलं, मांजरं आणि शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे टिपले. यांनी प्रत्येक फोटोचं इतकं कौतुक केलं की माझं डोकंच फिरलं. सरळ एका खऱ्या स्टुडिओत जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, पडेल ते काम करीन, पण शिकवा. तिथल्या फोटोग्राफर मॅडम माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान, आवाज एकदम हळू. त्यांचा मदतनीस पाय मोडून घरी बसलेला, म्हणून त्यांनी शुक्रवारी बोलावलं. गाद्यांच्या जाहिरातीचं शूट होतं. यातला ‘शूट’ एवढाच शब्द मला ऐकू आला, ‘मदतनीस’ आलाच नाही. (घरी येऊन सांगितलंही तसंच.)

तर काय पाहते, गोदामाएवढी खोली, छतापासून खाली जमिनीवर पसरलेला पांढराशुभ्र कागद, त्यावर पलंग, पलंगावर गादी आणि गादीवर एक मुलगी, जिचं कामच झोपण्याचं. उशी जरा वाकडी दिसली म्हणून मी चटकन जाऊन सरळ केली. वळून पाहिलं तर दारापासून उशीपर्यंत माझ्या चपलांचे ठसे, पोलिसांना हवे असतात तसे स्वच्छ उमटलेले. कागद कापून नवा सोडेपर्यंत गादीकंपनीचे साहेब माझ्याकडे बघत होते. मग दिव्याच्या स्टँडच्या पायावर कोणीतरी वाळूची पिशवी टाकून दिलेली दिसली. एवढी वर्षं घर आवरलेली बाई मी, उचलून नीट कोपऱ्यात ठेवली. ती पिशवी स्टँड पडू नये म्हणूनच असते, हे मला दिवा साहेबांच्या दिशेने सावकाश झुकायला लागल्यावर कळलं. मी झेप घेतली, दिवा वाचला, कंबर गेली.

पण खरी लाज काढली ती रिफ्लेक्टरने. रिफ्लेक्टर म्हणजे उजेड परतवायची एक मोठी चंदेरी चकती. ती पिळून एवढ्याशा पिशवीत भरलेली असते, आणि बाहेर काढली की आपली आपण फाडकन उघडते. उघडली ती साहेबांच्या चहाच्या कपावर. चहा कुठे गेला ते लिहीत नाही. मॅडमनी दोन्ही हातांनी एक पीळ देऊन ती मिटून दाखवली, पुन्हा उघडली आणि आता तुम्ही करा म्हणाल्या. ताई, माझ्या हातात त्या चकतीचं होडकं झालं, पापड झाला, कान झाले, पण ती मिटली नाही. कोणी बघू नये म्हणून बाहेर जिन्यात नेली. शेजारच्या ऑफिसातले एक गृहस्थ मदतीला धावले आणि त्यांच्या चष्म्याला फटका बसला. मग किती तरी वेळ आम्ही एकमेकांची माफी मागत होतो. परत आत आले तेव्हा मॅडम हळूच म्हणाल्या, “तुम्ही जरा मागच्या खोलीत बसा.” ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं गं.

मागच्या खोलीत जादा गाद्यांची चळत होती. तिच्यावर बसून मी पोटभर रडले, मग घरी काय सांगायचं ते ठरवलं, मग कंबरेसाठी जरा आडवी झाले. पुढचं ऐकू आलं ते कॅमेऱ्याचं खटक् खटक्. डोळे उघडले तर समोर मॅडम, त्यांच्यामागे साहेब, आणि सकाळपासून झोपून झोपून दमलेली ती मुलगी.

साहेब म्हणाले, “सकाळपासून मी हेच तर मागतोय.”

फोटो वापरू का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं? कॅमेऱ्यामागे उभं राहायला गेलेली मी त्याच्यासमोर आडवी सापडले, तीही घोरताना. घरी ‘काम छान झालं’ एवढंच बोलले आहे. यांनी ते सगळ्या इमारतीला सांगितलं, आणि जिन्यात भेटेल तो अभिनंदन करतो. कॅमेरा कपाटावर टाकलाय. तुझ्या लेकीला हवा होता ना? येशील तेव्हा घेऊन जा. मला तो डोळ्यांसमोर नको.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचंच राहिलं. तो फोटो मोठमोठ्या फलकांवर लागणार आहे, आणि त्यातला एक तुमच्या भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर. आईला काही दिवस मागच्या रस्त्याने ने. ‘ही दुसरीच कोणी बाई’ असं सांगून भागणार नाही. अशी तोंड उघडं टाकून झोपते म्हणून माझं लग्न जमायचं नाही, या काळजीत तिने वर्षं काढली आहेत. ती लांबूनच ओळखेल.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मॅडमचा फोन आला. मागच्या खोलीची खिडकी कायम बंद असते, त्या दिवशी अर्धी कोणी उघडली, असं विचारत होत्या. फोटोतला सगळा उजेड म्हणे तिथून आलाय. मी म्हटलं, मीच उघडली, मला अंधारात रडवत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, “मंगळवारी या. दिवसभर उभं राहावं लागेल.” तेव्हा तुझे सकाळी फिरायला जायचे बूट लगेच पाठव, आपलं माप एकच आहे. आणि कॅमेऱ्याचं लेकीला बोलली नसशील तर बोलू नकोस. बोलली असशील तर सांग, मावशी शुद्धीवर नव्हती.