शंभरपैकी ब्याण्णव

चि. सुजित,

बोईसरहून ताईचे आशीर्वाद. फोनवर अण्णा स्पीकर लावतात, म्हणून हे पत्र. मी बरी आहे. खोलीत पाणी वेळेवर येतं, कंपन्यांच्या वासाचीही सवय झाली. आईचा गुडघा कसा आहे? तेल तू चोळतोस, की तेही दुसऱ्याकडून करून घेतोस?

काल आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये एक जण नोकरीसाठी आला. कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं, त्यावर सत्त्याऐंशी मार्क. मी त्याला केमिकलच्या ड्रमची यादी एक्सेलमध्ये टाईप करून बेरीज काढायला सांगितली. त्या शहाण्याने मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज केली आणि एका बोटाने खाली टाईप केली. मी वरचा एक आकडा बदलला. सूत्र घातलं असतं तर बेरीज आपोआप बदलली असती; ही ढिम्म. त्याला त्यात काही वावगंही वाटलं नाही. तो गेल्यावर आम्ही सगळे हसलो, सर्वांत जास्त मी.

खोलीवर आल्यावर हसू आटलं. तुझं ब्याण्णव मार्कांचं सर्टिफिकेट अण्णांनी फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलंय. त्या कोर्सची सगळी प्रॅक्टिकल्स तुझ्या नावाने मी केली, आणि तू बाहेर बाईकवर बसून रील बघत होतास. तुझी कीव येते. लाज मात्र माझीच वाटते.

आमच्या साहेबांनी तुला त्याच नोकरीसाठी एक तारखेला बोलावलंय. तोवर रोज क्लासला जा. अण्णांना काही सांगू नकोस, ते त्या फ्रेमला रोज फडकं मारतात.

परीक्षा मीच घेणार आहे. तुझ्या शेजारीच उभी असेन, पण या वेळी माऊसला हात लावणार नाही.

तुझी ताई,
वैभवी